सीटखालचा ढोल

आमच्याकडे, तलासरीच्या बाजूला, जमीन हलते. किती वेळा हलली ते मोजणं आम्ही कधीच सोडून दिलं. हलण्याआधी खालून एक गुडगुड येते, आणि तिच्या नि धक्क्याच्या मध्ये जेमतेम एक श्वास मिळतो. तेवढ्यात मी उठते आणि ह्यांच्या काखेत हात घालते. ह्यांची उजवी बाजू गेली आहे, एकटे उठता येत नाही. म्हणजे बघा, घरात स्वयंपाक कोणीही करेल, पण तो आवाज ओळखणं हे माझं काम.

आणि नेमका ह्यांनाच हवा झाला सबवूफर, गाण्याचा ठेका घुमवणारा डबा.

सुनेने जुनी छोटी गाडी घेतली होती, ह्यांना दर आठवड्याला कासाच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायला. गाडीत गाणी वाजायची, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. हे तरुणपणी लग्नांत ढोल वाजवायचे. एकदा वाटेत चारोटीच्या नाक्यावर आमच्या शेजारी एक गाडी थांबली, तिचा ठेका दारातून आमच्या अंगात शिरला आणि ह्यांचा डावा हात मांडीवर पडायला लागला. घरी आल्यावर म्हणाले, असलं काहीतरी आपल्या गाडीत बसवा. म्हणजे तीच गुडगुड, आता विकत आणायची. पण आजारपणानंतर ह्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं, मी कशी नको म्हणू?

डहाणूला स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार गुजराती, बोलका माणूस. त्याने आधी डिकीत ठेवायची मोठी पेटी दाखवली. सून म्हणाली, डिकीत सासऱ्यांची व्हीलचेअर असते, पेटी काय डोक्यावर ठेवू? मग त्याने सीटखाली सरकवायचा चपटा डबा काढला, मिठाईच्या खोक्याएवढा, अँप्लिफायर आतच. दुसरा एक जाड होता, तो जास्त घुमतो म्हणे. सुनेने गाडीत जाऊन पट्टीने सीटखालची उंची मोजली, सीट मागेपुढे करून पाहिली. जाडवाला घासला असता, चपटा बसत होता. दुकानदार म्हणाला, याचा आवाज लांब नाही जाणार, पण बसलेल्या माणसाला खालून कळेल.

खालून म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

मी रस्त्यावर होते. चपला आत. माझ्याबरोबर आणखी एक अनोळखी बाई बाहेर आली होती, हातात पिशवी घट्ट धरून. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"कुठल्या हो तुम्ही?" तिने विचारलं. मी गाव सांगितलं.

"मग बरोबर," ती म्हणाली.

आतले डहाणूचे लोक खुर्च्यांवर बसलेलेच होते. दुकानदार मला समजवायला बाहेर आला, "मासी, आ तो फक्त बेस छे." मी त्याला विचारलं, असा आवाज न करणारा मिळेल का? तो म्हणाला, मग मासी, घेऊच नका. सून हळूच म्हणाली, आई, राहू दे का? मी गाडीकडे पाहिलं. हे पुढच्या सीटवर बसून दुकानाच्या दाराकडे डोळे लावून होते. मी म्हटलं, घे.

दुपारी जेवणं झाली की सून गाडी ओटीपाशी आणायची, दार उघडायची आणि एक गाणं लावायची. पहिल्या दिवशी मांडणीवरची भांडी वाजली आणि मी धावत जाऊन ह्यांना अर्धं उचललंसुद्धा. हे हसले, "अगं, गाणं आहे." दुसऱ्या दिवशी मी नुसती उठून उभी राहिले. चार-पाच दिवसांनी बसल्याजागी तांदूळ निवडत राहिले. वाटलं, चला, एवढ्या वर्षांची भीती गेली एकदाची.

मग एके दुपारी मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते, हे आत खाटेवर. गुडगुड आली. मी मान वर न करता ओरडले, थोडं कमी कर गं.

सून मागच्या दाराने आत आली. तिच्या हातात ओले कपडे होते.

"आई, गाडी बंद आहे."

तेवढ्यात मांडणी खाली आली. तांदूळ कुठे गेले ठाऊक नाही. सुनेने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या, आणि ह्यांना ओढत अंगणात आणलं. मागे कौलं पडल्याचा आवाज झाला. नंतर पाहिलं तर दोन ह्यांच्या उशीवर होती.

अंगणात सून ह्यांच्या केसांतली माती झाडत बसली. मग हे म्हणाले, "मला वाटलं आज नवीन गाणं लावलंय. मी ठेका धरला होता."

सून म्हणाली, तो डबा मी आत्ताच काढते. ह्यांनी मान फिरवली. ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, राहू दे, पण घरापाशी वाजवायचा नाही. आता गाडी हमरस्त्याला लागली की गाणं लागतं, आणि परतताना गावात शिरायच्या आधी बंद होतं.

माझा कान मात्र बिघडला तो बिघडला. खरी गुडगुड ऐकून मी बसून राहिले होते, ते विसरता येत नाही. म्हणून आता काहीही घुमलं की मी आधी ह्यांना बाहेर काढते, काय होतं ते मग विचारते. काल तीनदा काढलं. तिसऱ्यांदा हे चिडले, "अगं, पाण्याचा टँकर होता."

असू दे म्हटलं, आणि त्यांना लगेच आत नेलं नाही.