सासूबाईंची भेटीची वही

आमच्या सासूबाई आजारी पडल्या की उशीजवळ एक शंभर पानी वही ठेवतात. भेटायला कोण आलं, किती वाजता आलं, किती वेळ बसलं, काय आणलं, हे सगळं तिच्यात लिहायचं. पुण्यात त्यांनी आयुष्यभर हे केलं. आपल्या आजारपणात जो जिने चढून आला, त्याच्या अडचणीला आपणही जायचं, आणि ते विसरायला नको म्हणून वही. हायडेलबर्गला आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत ती दिसली आणि मला हसू आलं होतं. इथे कोण येणार होतं भेटायला?

पहिल्याच महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला. रुग्णालयात नऊ दिवस काढले. भरती करताना खिडकीतल्या बाईंनी नवऱ्यापुढे कागदांची चळत ठेवली. त्यात एक कागद होता की विभागाचे मुख्य डॉक्टर स्वतः उपचार करतील, त्याचे पैसे वेगळे. आईच्या बाबतीत हात आखडता कशाला घ्यायचा, असं मीच म्हणाले आणि त्याने सही केली.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मुख्य डॉक्टरांचं बिल आलं. रोज सकाळी 'विझीटे', म्हणजे आपल्याकडचा राऊंड. नऊ दिवस, नऊ ओळी. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि वही उघडली.

"हा उंच माणूस एकदाच आला," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. दारातच उभा होता, दोन मिनिटं."

बाकीचे दिवस एक तरुण डॉक्टरीण यायची. ती स्टूल ओढून बसायची, छाती तपासायची, फोनवर भाषांतर करून विचारायची. शनिवार-रविवारी तर तीही नव्हती. हे सगळं वहीत वेळेसकट होतं. नवरा म्हणाला, "आई, ते साडेसातला येतात, तू झोपेत असशील." जी बाई साठ वर्षं पहाटे पाचला उठते, तिला हा मुलगा झोपेत होतीस म्हणून सांगत होता! सासूबाईंनी वही मिटून मांडीखाली घेतली. त्यांचं म्हणणं खरं ठरवायचंच, असं मी तेव्हाच ठरवलं.

रुग्णाला स्वतःच्या नोंदींची प्रत मागता येते. मी मागितली. दोन पत्रं आणि तीन फोन झाल्यावर ती आली, आणि वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊही दिवस राऊंडच्या रकान्यात एकच वाक्य होतं: 'रुग्णाची प्रकृती ठीक, तक्रार नाही.' शब्द न शब्द तोच. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. एकदा लिहून आठ वेळा चिकटवलेलं वाक्य मला लांबूनही ओळखू येतं. रविवारीसुद्धा 'तक्रार नाही.' आणि वहीत रविवारच्या पानावर काय होतं? 'डॉक्टर कोणी नाही. नव्या गोळीनंतर चक्कर. संडासला जाताना भिंत धरली. नर्सला खुणेने सांगितलं, ती हसली.' सोमवारी त्या तरुण डॉक्टरणीने ऐकून घेतलं आणि गोळी बदलली. गोळी बदलल्याची नोंद कागदावर आहे, का बदलली ते नाही. तिचं नाव बिलावर कुठेच नाही. राबायचं तिने, आणि पैसे घ्यायचे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने.

नवरा म्हणत होता, "जाऊ दे गं. आपण इथे बाहेरचे, आणि वहीला कोण पुरावा मानणार?" गार पाण्यात बसल्यासारखा शांत असतो तो अशा वेळी. मी त्याला सांगितलं की बाहेरचे असलो तरी बिल आपल्याला आतल्यासारखंच येतं. एक अख्खी दुपार बसून मी वहीची नऊ पानं जर्मनमध्ये उतरवली, मूळ पानांच्या प्रती जोडल्या आणि रजिस्टर पोस्टाने रुग्णालयाला पाठवून दिलं.

उत्तर आलं तेव्हा सासूबाईंच्या परतीला चारच दिवस राहिले होते. बिलातल्या आठ ओळी वगळल्या होत्या. चूक झाली असं मात्र कुठे म्हटलं नव्हतं. 'कुलान्त्स' म्हणून, म्हणजे आपला मोठेपणा म्हणून, ते हे पैसे सोडत होते. न आलेल्या भेटींचे पैसे सोडणं हा मोठेपणा! मला ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं. तरीही जिंकल्याचा आनंद झालाच होता, आणि तो घेऊन मी सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"पैशांचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मला चक्कर येत होती, ते त्यांनी आता लिहून घेतलं का?"

नाही, मी म्हणाले. तिथे अजूनही 'तक्रार नाही' असंच आहे.

त्यांनी हातातली साडी खाली ठेवली. "तू तरी माझं सगळं पाठवलंस ना? होतं तसं?"

"हो, आई," मी म्हणाले.

मी खोटं बोलले. रविवारच्या पानावर पाच ओळी आहेत. मी जर्मनमध्ये चारच उतरवल्या, आणि त्या पानाची प्रत काढताना खालच्या कडेवर कागद ठेवला. डॉक्टरांवर मी महिनाभर आग पाखडली, पण ती पाचवी ओळ मला कोणाला वाचू द्यायची नव्हती. ती अशी आहे: 'संध्याकाळी सहा वाजता सून. दहा मिनिटं. वरणभात. चक्कर येते म्हणून सांगितलं. म्हणाली, काही नाही हो आई, पडून राहा.'