मनोहरचं खोटं स्टेशन

मनोहर गेल्याचं मला डोणगावच्या बाजारात कळलं. मलकापूरहून आलेल्या त्याच्या पुतण्यानं सांगितलं, आणि हातातली वांगी मी तशीच टोपलीत टाकली. महिना होत आला, अजून धड काही सुचत नाही...

मलकापुरात सरकीच्या दुकानांजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझा शाळेपासूनचा दोस्त, तोंडानं फटकळ. दुपारी आकाशवाणीची सभा संपली की सगळे रेडिओ मुके. मग दुरुस्त केलेला सेट तपासायचा कशावर? या पठ्ठ्यानं बिस्किटांच्या डब्यात तारा आणि वॉल्व्ह बसवून स्वतःचंच स्टेशन उभं केलं! गाणी नाहीत, बातम्या नाहीत, नुसती शिट्टी, तीही दुकानापुरती. रेडिओचा काटा जागेवर आला की कुंईऽऽ! देऊळघाटचे एक म्हातारबुवा भडकले होते, "हे काय कुत्रं रडून राह्यलं बे?"

"खोटं स्टेशन हाय काका. शिट्टी आली म्हंजे तुमचा सेट चांगला. न्या घरी, सांजच्याले गाणं येतेच."

पुढे त्याला छातीचा रोग जडला. डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. खोकला उतरला, पण त्या सुयांनी कान जायला लागले. थांबवल्या तर छाती, चालू ठेवल्या तर कान... इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टरांनी हे त्याच्या बायकोला, कमलवहिनींना सांगितलं होतं. त्याला सांगायची कुणाची छाती होत नव्हती. माझीही नाही.

उन्हाळ्यात भेटायला गेलो तर हा खाटेवर घरचा रेडिओ उघडून बसलेला. "काऊन आवाज देऊन नाही राह्यला रे हा?" रेडिओ तर छान वाजत होता! त्यानं वॉल्व्ह बदलला, तार बदलली. शेवटी खोट्या स्टेशनचा डबा मागवला, रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला आणि काटा फिरवला. अशी शिट्टी फुटली की वहिनींनी नकळत दोन्ही कानांवर हात नेले.

ते त्यानं पाहिलं. हात थांबला.

"वाजून राह्यलं काय?"

वहिनींनी मान हलवली.

"मंग सेट चांगला हाय," म्हणाला, आणि एकेक स्क्रू परत बसवायला लागला.

त्यानंतर रोज सांजच्याला तो वहिनींसाठी रेडिओ लावायचा, त्यांच्या तोंडाकडे बघत आवाजाचं बटन फिरवायचा. त्या हसल्या की सोडून द्यायचा. पुढे पुढे बोटांत जोर राहिला नाही. आवाज अगदी बारीक असायचा, तरी त्या हसायच्या. सुया शेवटपर्यंत चालू होत्या. कान गेले, आणि छातीनंही दगा दिलाच.

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी आवाजाच्या बटनाला हात न लावता भिंतीवरच्या बटनानं रेडिओ लावला. काही म्हणता काही ऐकू येईना. आवाज वाढवायला मी हात पुढे केला.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यायनं लावलेला हाय."

मग आम्ही दोघंही रेडिओला कान लावून बसलो.