तारकर्लीच्या पाण्यातले दोन झटके

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी सरळ चहा टाकायला उठतो, असा माझा स्वभाव. धुळ्यात देवपूरला माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे... वाइंडिंग जळली तर जळली, त्यात भूत कसलं? तरीही हे लिहितोय.

गावाकडे विहिरीतली मोटार गाळात अडकली की बुडी मारायचो मीच. कमरेला दोर, वर कठड्याशी तो धरून माझे काका; त्यांना आम्ही नाना म्हणतो. दोराला दोन झटके बसले की काही न विचारता ओढायचं, हा आमच्या घरचा नियम.

मागच्या हिवाळ्यात बायकोबरोबर तारकर्लीला गेलो आणि हौसेनं स्कुबाला नाव दिलं. सर्दी होती, ती लपवली. बोटीवरचा ट्रेनर नाक दाबून कान कसे मोकळे करायचे ते शिकवत होता. "आम्ही विहिरीतली माणसं, आम्हाला काय शिकवता," म्हणत मी हसत बसलो. तो शहाणपणा नडला.

वीसेक फुटांवर डावा कान काही केल्या मोकळा होईना. आधी सुई टोचल्यासारखं दुखलं, मग डोकं एकदम हलकं झालं... वर कुठे, खाली कुठे, तेच कळेना. ट्रेनरने शिकवलेली खूणही आठवेना. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? हात आपोआप कमरेकडे गेला आणि नसलेल्या दोराला मी दोन झटके दिले.

कंबर आवळली गेली, आणि मी सावकाश वर निघालो.

ट्रेनर मागून माझी टाकी धरून होता. बोटीवर म्हणाला, "मी नाही आणलं तुम्हाला. तुम्हीच मला वर घेऊन आलात. मला वाटलं, पाय मारताय." पाय मी हलवलेच नव्हते.

लॉजवर पोचलो तर नानांचा फोन. स्कुबाचं घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि आमच्या दोघांचे मोबाईल सकाळपासून लॉजवरच होते.

"कान मोकळा व्हयना का?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"नाना, तुमले कोनी सांगं?"

"कोनी नई सांगं. दोन झटका लागनात, म्हनीसन मी वढं." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आते पुन्हा उतरू नको, भाऊ. मना हातमा आते तेवढा जोर नई ऱ्हायना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चक्कर का आली, ते कानाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. बाकीचं मी त्यांना विचारलंच नाही. नानांना फोन केला की मात्र आधी हेच सांगतो – मी पाण्यात उतरलेलो नाही.