लाल लाइट बंद होईना

मी हातापायांवर रांगत होते आणि निलेश झाडामागून विचारत होता, "लाइट लागतोय का?"

"लागतोय!"

एम.एससी. झालेली बाई भर दुपारी तुंगारेश्वरच्या जंगलात रांगते, हे कळलं तर भुईगावची माझी मावशी कपाळाला हात लावेल. आमच्या वन्यजीव सर्वेक्षणात याला वॉक टेस्ट म्हणतात. समोरून काही गरम, हलणारं गेलं की ट्रॅप कॅमेरा आपोआप फोटो काढतो. तो बिबट्याच्या उंचीला बसलाय का, हे बघायला कुणीतरी बिबट्याएवढं व्हावं लागतं. टेस्ट मोडमध्ये फोटो निघत नाही, हालचाल टिपली की फक्त लाल लाइट लुकलुकतो. निलेश, माझा फील्डमधला जोडीदार, झाडामागे कॅमेऱ्याचा पट्टा आवळत होता.

"आता हलू नको. बंद होतो का बघ."

मी थांबले. लाइट लुकलुकतच राहिला.

"सेन्सर गेलाय रे हा."

"नवा आहे यार. तूच हलत असशील."

मी श्वास रोखला. मानसुद्धा हलवली नाही. तरी लाइट चालूच. मग डोक्यात शिरलं. सेन्सर ठीक होता. माझ्या मागे काहीतरी हलत होतं.

निलेशने डोकं बाहेर काढलं, माझ्या पलीकडे बघितलं आणि पांढराफटक पडला.

"लीना, उभी राहा. हळू. पळू नकोस हां, प्लीज."

खाली वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, हे पाड्यापाड्यांवर मीच सांगत फिरते. पण आता मलाच उठता येईना. मनात 'नमो मारिये' ही मारियामातेची प्रार्थना सुरू केली, ती दोन शब्दांपुढे जाईना. मला मरायचं नव्हतं, एवढंच कळत होतं. शेवटी निलेश पुढे आला, त्याने दंडाला धरून मला उठवलं आणि बिबट्याला माणसाचा आवाज कळावा म्हणून वालीवच्या ट्रॅफिकला मोठमोठ्यानं शिव्या घालायला लागला. मीही घातल्या.

वळून बघितलं. वाटेच्या मधोमध मादी बिबट्या, शेपूट हलवत. तिने आम्हाला नीट न्याहाळलं आणि करवंदीच्या जाळीत शिरली. मी तिथेच बसून रडले.

संध्याकाळी आमच्या प्रोजेक्टच्या सरांना सगळं सांगितलं.

"फोटो?"

"टेस्ट मोड होता, सर."

"म्हणजे रेकॉर्ड काहीच नाही."

"मी आहे ना, सर!" माझा आवाज चढला.

तेव्हापासून टीममध्ये तिसरा माणूस असतो. त्याने कॅमेऱ्याकडे पाठ करून जंगलाकडे बघायचं, बस्स. आणि नव्या लोकांना मी एवढंच सांगते, मशीन बिघडलंय म्हणायच्या आधी मागे वळून बघा.