स्वस्त काहून?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर माझ्या वहिनींचे. शाळेतले गुरुजी आहेत, पोटाला चिमटा घेऊन फी भरणारा दादा आहे, त्यांचं मी कधी विसरणार नाही. पण कॉलेजच्या ज्या ज्या दिवशी मी वेळेवर पोहोचलो, त्या त्या दिवशी पहाटे मला हाक मारणाऱ्या वहिनी होत्या. त्यांनी हाक मारली नसती तर आमच्या घरात आजही कुणी पदवीधर नसता.

वहिनी डोईफोडिया या खेड्यातल्या. लग्न होऊन खंडव्याकडच्या आमच्या गावी, तिथल्या लालबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत आल्या तेव्हा मी आठवीत होतो. आई-वडील दोघंही गेलेले. दादा गिरणीत कामाला. वहिनींच्या वडिलांची केळीची बाग होती, घर भरलेलं होतं, आणि इथं येऊन त्यांच्या वाट्याला आले एक नवरा आणि एक सतत भुकेला दीर. त्या ‘मले’, ‘तुले’, ‘का’ऐवजी ‘काहून’ असं बोलायच्या. गल्लीतल्या दोन-तीन बायका मूळच्या लोधीपुरा मोहल्ल्यातल्या, स्वतःला शहरातल्या समजणाऱ्या. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. दादाही कमी नव्हता.

“हिचं अर्धं बोलणं समजायला माणूस ठेवावा लागेल,” तो जेवताना म्हणायचा.

“ठेवा ना. त्याच्या भाकरी मात्र तुम्हीच थापा,” वहिनी म्हणायच्या.

त्यांची एक सवय सांगून ठेवतो. घरात कुठलीही चांगली वस्तू आली की त्या ती दोन दिवस निरखायच्या आणि परत तिच्याच खोक्यात घालून पेटीत ठेवून द्यायच्या. माहेरहून आलेली विजेची इस्त्री खोक्यात होती. कपबशांचा सेट खोक्यात होता. “पोरीच्या लग्नात कामी येईल,” असं त्या म्हणायच्या. पोरगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा रांगत होती.

मी बी.एस्सी.ला खंडव्याला जायचो, पहाटेच्या पॅसेंजरनं. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि ते नाही असं कधी जाणवलंही नव्हतं, कारण गिरणीचा भोंगा होता. चारचा भोंगा झाला की वहिनी उठायच्या. माझी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापून, चहा उकळून झाला की माझ्या उशाशी यायच्या. “भाऊ, उठा. भोंगा कव्हाच झाला.” मी वयानं त्यांच्याहून लहान, तरी त्या मला ‘अहो-जाहो’च करायच्या. मी डोळे मिटूनच चहाचा पेला हातात घ्यायचो.

मी शेवटच्या वर्षाला असताना भोंगा बंद झाला. गिरणी चालू होती, फक्त भोंगा वाजायचा थांबला. दादानं आदल्या दिवशी सांगितलंही होतं, पण सांगितल्यानं सवय मोडत नाही. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली झोपून राहिली. नळ येऊन गेला, एकाचीही घागर भरली नाही. मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा फलाटावर फक्त एक कुत्रं होतं. पुढच्या दोन आठवड्यांत माझी गाडी आणखी काही वेळा चुकली. वहिनी आता रात्रभर कूस बदलत राहायच्या, मध्येच दचकून उठून अंगणात जाऊन आभाळ बघायच्या. कधी फार लवकर उठवायच्या, कधी थकून त्यांनाच झोप लागायची.

शेवटी प्रॅक्टिकलच्या सरांनी मला बोलावून सांगितलं, “अजून एकदा गैरहजर राहिलास तर परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष जाईल.” आमच्या घरात वर्ष जाणं म्हणजे शिक्षण जाणं. दादानं हे आधीच सांगून ठेवलं होतं, रागानं नाही, खालच्या आवाजात. त्याची ओढाताण मला दिसत होती.

बाहेरचा माल आमच्या गावात नुकताच यायला लागला होता, ते हे दिवस. पूर्वी वस्तू दुकानदाराकडून ‘पसंतीवर’ घरी आणायची, चार दिवस वापरून बघायची, नाही पटली तर परत करायची, अशी रीत होती. दुकानदार आपला, आपण त्याचे. आता बाहेरचे व्यापारी यायचे, धर्मशाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचे, ‘भारी छूट’ असा कापडी फलक लावायचे. चार-आठ दिवसांत माल विकून निघून जायचे. दारावरच दुसरा, छोटा फलक असायचा: बिका हुआ माल वापस नहीं होगा.

असाच एक सेल लागला. दादानं वहिनींना त्या दिवाळीला मनगटी घड्याळ घेऊन देईन असं कबूल केलं होतं. भोंगा गेल्यापासून गल्लीतल्या एक-दोघींच्या हातावर घड्याळं आली होती, आणि वहिनी बोलताना नकळत त्यांच्या मनगटाकडे बघायच्या. आम्ही तिघं, आणि दादाच्या कडेवर पुतणी, असे सेलला गेलो.

हॉलमध्ये टेबलांवर नुसता चकचकाट होता. टॉर्च, कॅल्क्युलेटर, रेडिओ, हजामतीचं मशीन, आणि घड्याळांच्या रांगाच रांगा. प्रत्येक जण आपापल्या परीनं पारख करत होता. दादा वस्तू तळहातावर तोलायचा. जड ती चांगली, हा त्याचा हिशेब. आमच्या शेजारचे एक काका घड्याळ कानाला लावून डोळे मिटायचे. मी खोक्यांवरचं इंग्रजी वाचत होतो. जपानचं मशीन, पाण्यानं बिघडत नाही, असं सगळं सगळ्यांवर छापलेलं होतं, त्यामुळे वाचून काही उपयोग होत नव्हता.

वहिनी फक्त एकच प्रश्न विचारायच्या. “स्वस्त काहून?”

हा त्यांच्या वडिलांचा प्रश्न. केळीचा व्यापारी बांधावर येऊन भाव पाडून बोलला की ते विचारायचे, कमी काहून? वाऱ्यानं पानं फाटली, घड लहान राहिले, असं व्यापाऱ्यानं धड कारण सांगितलं तर पुढचं बोलणं व्हायचं. नुसतं ‘बाजारच तसा आहे’ म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावायचे. वहिनी तेच उलट्या बाजूनं करत होत्या. वस्तू स्वस्त असेल तर तिला काहीतरी कारण असणार. ते कारण कळलं, आणि त्या कारणानं आपलं काही अडत नसेल, तर घ्यायची. कारण कळत नसेल तर हात लावायचा नाही. त्या दर वेळी बरोबर ठरायच्या असं नाही. बालाजीच्या मेळ्यात अशीच कारण विचारून घेतलेली टॉर्च आठवड्यात गेली होती, आणि दादा ती अजून काढून दाखवायचा. पण त्यांनी विचारायचं सोडलं नव्हतं.

“सोनेरी पट्टा, बाई! आधीच्या भावाच्या निम्म्यानं!” एक पोरगेला विक्रेता म्हणाला.

“स्वस्त काहून?”

“स्कीम है, बाई.”

“स्कीम काहून?”

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वहिनी पुढे सरकल्या.

दादा पुतणीला घेऊन बाहेर फुगेवाल्याकडे गेला होता, तेव्हा वहिनींना ते घड्याळ दिसलं. बायकांचं, छोटं, पांढरी तबकडी, काळा पट्टा. त्यावर काही चमकत नव्हतं. तिथला वयस्कर विक्रेता त्यांच्या हातात देत म्हणाला, “घालून तर बघा, ताई.” वहिनींनी घातलं. त्यांचं मनगट बारीक, पट्टा शेवटच्या भोकातही थोडा सैलच राहिला. त्यांनी हात जरा लांब धरला, मग जवळ आणला, मग कानाशी नेला.

“स्वस्त काहून हो?”

“सच सांगू? याची डबी हरवली. बिना डबीचं कुणी प्रेझेंट म्हणून घेत नाही, म्हणून पडून आहे. मशीनला काही नाही. माझ्या मुलीच्या हातावर हेच आहे.”

इतकं सरळ कारण त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. मी शेजारीच उभा होतो. आता त्या दादाला हाक मारायला सांगतील म्हणून मी दाराकडे वळलोसुद्धा. तेवढ्यात त्यांचं लक्ष टेबलाच्या टोकाला गेलं. तिथं एक आडवं, पांढरं, टेबलावर ठेवायचं घड्याळ होतं. कुणीतरी त्याचं बटण दाबलं आणि त्यातून एक बाई बोलली.

काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. सगळे हसले.

“हे काय आहे?” वहिनींनी विचारलं.

“टाइम सांगतं, ताई. बटण दाबा, टाइम बोलून दाखवणार. तासातासाला आपोआपही बोलतं. गजरपण आहे, कोंबडा आरवतो.”

“मग इतकं स्वस्त काहून?”

विक्रेत्यानं हात जोडले. “कोणत्या मुलुखाची भाषा आहे कुणाला ठाऊक. ज्यानं ऐकलं तो हसून निघून गेला.”

वहिनींनी पुन्हा बटण दाबलं. बाई पुन्हा बोलली, तसंच, अजिबात न चिडता. वहिनी थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “भाऊ, अंधारातबी बोलंल ना हे?”

“बोलेल की. बॅटरीवर आहे.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पट्टा सरळ केला आणि टेबलावर होतं त्या जागी ठेवलं. दोन्ही घेणं शक्य नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दादा आला तेव्हा ते पांढरं घड्याळ पिशवीत गेलेलं होतं. घरी आल्यावर त्यानं बटण दाबलं, बाई बोलली, आणि त्यानं कपाळाला हात लावला.

“वा! आता घरात दोघी बोलणार आणि मला दोघींचंही कळणार नाही. आणि तुझं हातातलं घड्याळ कुठंय?”

“एक पाहिलं होतं. पण त्याचं कारण काही मले पटलं नाही,” वहिनी म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, जरा तो हंडा उतरवून देता का?” मी हंडा उतरवायला गेलो. हंडा रिकामाच होता.

त्या घड्याळाला वहिनी ‘जाऊबाई’ म्हणू लागल्या. आमच्या घरात धाकटी जाऊ यायला अजून अवकाश होता, तोवर हीच. दिवसा त्या काचेवरचा आकडा बघायच्या आणि बटण दाबून आवाज ऐकायच्या. भाकरी थापताना तेच शब्द पुटपुटायच्या. मीही ऐकायचो, पण माझ्या लक्षात राहायचं नाही. त्यांच्या राहायचं. ज्या बाया त्यांच्या बोलीला हसायच्या त्या आता जाऊबाई ऐकायला यायच्या. एक जण म्हणाली, “असली कसली ग ही भाषा?”

“माणसाचीच दिसते,” वहिनी म्हणाल्या. “सवय झाली की कळते. तुम्हाले माही नाही का कळू लागली?”

कोंबड्याच्या गजराचा मात्र उपयोग झाला नाही. पहिल्याच पहाटे तो आरवला आणि गल्लीतले खरे कोंबडे त्याला उत्तर देऊ लागले. त्या कालव्यात गजर कोणता आणि कोंबडा कोणता ते समजेना. वहिनींनी गजर बंद करून टाकला. बोलणाऱ्या बाईवर त्यांचा विश्वास होता. तिचं चारचं बोलणं झालं की त्या उठायच्या, पूर्वी भोंग्याला उठायच्या तशाच.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी वीज गेलेली होती. काळोखात मला त्यांची हाक आली. “भाऊ, उठा. जाऊबाई कव्हाच बोलल्या.” मी चहा प्यालो, डबा घेतला. त्या कंदील धरून दारात उभ्या होत्या. कंदील धरलेला हात उजेडात होता, आणि मनगटावर फक्त दोन काचेच्या बांगड्या होत्या. गाडी मिळाली. जाऊबाई आल्यापासून माझी एकही गाडी चुकली नाही. मी पास झालो. निकाल आणला तेव्हा दादा रडला आणि वहिनींनी मला आधी हातपाय धुऊन यायला सांगितलं.

पुढे मला झाबुआकडे शाळेत नोकरी लागली. पहिला पगार हातात आल्यावर मी इंदूरला गेलो आणि तिथून आल्यावर वहिनींना पत्र लिहिलं. त्यांना जोडाक्षरं वाचायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून लिहिलं होतं. ते असं होतं:

“वहिनी, नमस्कार.

सोबतच्या पार्सलात हातातलं घड्याळ आहे. इंदूरला सेलमध्ये घेतलं. तुम्ही विचाराल, स्वस्त काहून? मीही तेच विचारलं. दुकानदार म्हणाला, हा मागच्या वर्षीचा नमुना आहे, आता तबकडी बदलली. मी कानाला लावून पाहिलं. मग तिथंच बाकावर बसून राहिलो आणि त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतं का ते बघितलं. जुळलं. कारण मला पटलं, म्हणून घेतलं.

पट्ट्याला आतल्या बाजूनं एक भोक जास्तीचं पाडून घेतलं आहे. तुमचं मनगट मला माहीत आहे.

हे बोलत नाही. बोलायचं काम जाऊबाईंकडेच असू द्या. इथं मला कुणी उठवत नाही, तरी चारला जाग येते आणि मी थोडा वेळ कुणाच्या तरी हाकेची वाट बघत पडून राहतो.

आता एक गोष्ट. याच्याबरोबर लाल मखमलीची डबी होती. दुकानदार देत होता, मीच नको म्हणालो आणि घड्याळ रुमालात बांधलं. त्या दिवशी ते बिना डबीचं घड्याळ तुम्ही का टेबलावर ठेवून आलात, हे दादाला ठाऊक नाही, मला आहे. आणि डबी पाठवली असती तर तुम्ही घड्याळ डबीत घातलं असतं, डबी पेटीत, आणि पेटी पोरीच्या लग्नात उघडली असती. आता याला राहायला तुमच्या हाताशिवाय दुसरी जागा नाही.”