रिकामी बरणी

शरद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरळला एका साखरपुड्यात ताट हातात घेऊन उभा होतो. फोन त्याच्या बायकोचा, माधवीचा. झोपेतच गेला, एवढंच म्हणाली... ताट तसंच ठेवून निघालो. महिना उलटला, तरी गुरुवार आला की पाय त्याच्या ओपीडीकडे वळतात.

गुरुवारची त्याची ओपीडी मी सांभाळायचो. तो आमच्या रुग्णालयातला फिजिशियन, मी भूल देणारा. भातलावणीपासून इकडे सर्पदंशाचे रुग्ण येतच राहतात. आपल्या भागात कुठला साप चावतो, त्यावर औषध किती लागतं, याचा शरदला नीट अभ्यास करायचा होता. मोठ्या कॉलेजांत त्यासाठी हाताखाली माणसं असतात, बढतीलाही उपयोग होतो. इथे त्याच्या दाराशी अख्खा तालुका उभा. रुग्णालयाचे मोठे साहेब म्हणायचे, पेशंट बघा, शोध लावायला शास्त्रज्ञ आहेत. शास्त्रज्ञ चिखलात उतरत नाहीत, असं शरद त्यांच्या माघारी मला सांगायचा. साहेबांना सांगायची छाती नव्हती. शेवटी गुरुवारची दुपार मी त्याला मोकळी करून दिली. फुकट नाही, माधवीच्या हातचं वालाचं बिरडं ठरलेलं होतं.

मारलेला साप पिशवीत घालून आणायची इथे रीतच. शरद तो मागून घ्यायचा आणि बरणीत औषधी पाण्यात ठेवायचा. कपाट भरत आलं. माधवीने घरच्या लोणच्याच्या बरण्या कुलपात ठेवल्या, तो त्याही नेईल या भीतीने.

मग एका भादव्यात डोंगराकडच्या गावातून एका शेतकऱ्याला आणलं. पापण्या मिटलेल्या, श्वास अडकलेला. मी घाईने श्वासनलिकेत नळी घातली. दारात त्याचा भाऊ, हातात पिशवी. इतका उशीर का, असं शरदने विचारलं.

"साप गावत नव्हता डाक्तर, आख्खा बांध खनला. तुमाला औषधाला साप लागतो ना?"

माणूस वाचला. पण शरदचा चेहरा मी विसरणार नाही. पुढच्या गुरुवारी त्याने सगळ्या बरण्या एका कॉलेजला देऊन टाकल्या. मी भांडलो त्याच्याशी. एवढ्या वर्षांची मेहनत, अजून एक-दोन पावसाळे काढ, शोधनिबंध छापून येईल, म्हटलं.

"त्या एक-दोन पावसाळ्यांत कोणाचा तरी भाऊ बांध खणत बसेल रे," तो म्हणाला.

त्यानंतर गुरुवारी तो गावोगाव फिरला. भातगिरणीत, शाळेच्या ओट्यावर एकच सांगायचा, साप सोडा, माणूस आणा. निबंध राहिला तो राहिलाच. त्याला ते शेवटपर्यंत लागलं होतं. दुसऱ्या कोणाचा निबंध आला की दोनदा वाचायचा. एक बरणी मात्र त्याने धुऊन ओपीडीतल्या टेबलावर ठेवली होती. ही भरली तर मी नापास, म्हणायचा.

परवाच्या गुरुवारी मी त्याच्या खुर्चीत होतो. एकाने बायकोला बाईकवर बसवून आणलं, पायाला दंश. वेळेत आली होती, शुद्धीत होती, बोलत होती. जुन्या सवयीने मी विचारलं, साप कुठंय?

"ऱ्हायला तिकडंच," नवरा म्हणाला. "ते आधीचे डाक्तर सांगून गेलेत ना, त्याच्यामागं जायाचं नाय."

बाई बरी होऊन घरी गेली. मी बरणीवरची धूळ पुसली आणि होती तिथेच, रिकामी ठेवली.