चार महिन्यांत अठरा किलोमीटर

माझ्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली की माझं डोकं फिरतं. मफलरवाल्या काकांची पांढरी गाडी तिसऱ्यांदा दारात आली, तेव्हा मी हातातला पाना आपटलाच.

"मिस्त्री, वास परत सुरू झाला," काका म्हणाले. आवाज इतका ओशाळा, की जणू वास गाडीला नाही, त्यांनाच येतोय.

काकांनी पस्तीस वर्षं वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात घालवली. अजूनही बोलतात ते कुजबुजत. उन्हाळा असो की काही, गळ्यात मफलर. काकू होत्या तेव्हा त्याही गाडीबरोबर यायच्या, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन माझ्या कामावर देखरेख करायच्या. "तो स्क्रू राहिला हो!" असं त्यांनी ओरडायचं आणि खरंच राहिलेला असायचा. त्या जाऊन दीड वर्ष झालं. एकुलती एक लेक, तीही परदेशात.

वास होता सडलेल्या अंड्यांचा. गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून असा भपकारा यायचा की नाक धरावं. बॅटरी जास्त चार्ज झाली तरी असाच वास येतो, म्हणून चार महिन्यांपूर्वी आधी ती तपासली. ठणठणीत. मग जुनं पेट्रोल काढलं, प्लग नवे घातले. दुसऱ्या खेपेला एक सेन्सर बदलला. सगळं रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

"या वेळी वास जायलाच हवा," काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सोसायटीनं नोटीस दिलीय. पंधरा दिवसांत वास बंद नाही झाला तर गाडी आवारातून हलवायची."

"मग विकून टाका की एकदाची! फिरता कुठे तुम्ही?"

माझी जीभ अशीच, हाड नसलेली. काका हळूच म्हणाले, "गाडी गेली तर माझं घर जाईल हो."

म्हातारा काहीतरीच बोलतोय असं म्हणून मी बॉनेट उघडलं. प्लग काढले, तर कोळशासारखे काळे. चार महिन्यांचे प्लग! चार महिन्यांपूर्वीच्या कामाच्या कार्डावर लिहिलेला किलोमीटरचा आकडा बघितला, मग मीटर बघितला. पहिल्या खेपेपासून आजपर्यंत गाडी चालली होती फक्त अठरा किलोमीटर. म्हणजे माझ्याकडच्या फेऱ्या आणि कोपऱ्यावरचा पंप, संपलं. आणि टाकी किती वेळा भरली, विचारलं तर म्हणे तीनदा.

"काका, पेट्रोल चोरतंय कोणीतरी."

"नाही हो."

"मग तुम्ही पिताय का?"

ते हसले नाहीत. बाकावर बसले, मफलरचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि मग सांगितलं.

"लेक रोज संध्याकाळी सहाला फोन करते. ही गेल्यावर मी घराबाहेर पडेनासा झालो. लेक म्हणाली, बाबा, असा एकटा बसून राहणार असशील तर घर विकू, मी तुला इकडे घेऊन येते. मिस्त्री, हिनं मांडलेलं घर आहे ते. म्हणून सहा वाजले की मी खाली येतो, गाडी चालू करतो आणि सांगतो, मित्राकडे पत्ते खेळायला निघालोय. इंजिनाचा आवाज ऐकला की तिला बरं वाटतं."

"कोण मित्र?"

"कोणी नाही. फोन पाच मिनिटांत संपतो. पण लगेच वर जाऊन करायचं काय? तासभर बसतो तसाच, गाडी चालू ठेवून."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी ओरडतो. "अहो, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं की काजळी धरते! सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा डबा असतो, तो नीट तापतच नाही, तुंबतो. त्याचा वास हा. आता मी हे सगळं साफ करतो, पण पुढे दर आठवड्याला मोकळ्या रस्त्यानं चाळीस किलोमीटर दामटायची. दुसरं औषध नाही."

"चालवीन की," काका म्हणाले. "पण कुठे जाऊ?"

मी पाना उचलला आणि कामाला लागलो.

रविवारी काम संपलं. साडेपाचला मी त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "काढा." शहराबाहेर पडेपर्यंत ते चाळिशीच्या वर जाईनात. "दाबा, काका, दाबा!" मी ओरडत होतो. हळूहळू पाय मोकळा झाला. ठीक सहाला समोर लावलेला फोन वाजला. काकांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"बाबा, कुठे आहेस?"

"मित्राकडे निघालोय."

तेवढ्यात मागच्या ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. मग लेक म्हणाली, "बाबा, आज गाडी खरंच चालतेय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"रोज मागे तुमच्या वॉचमनचा रेडिओ ऐकू येतो. एकदासुद्धा हॉर्न ऐकला नाही मी."

"मग बोलली का नाहीस?"

"त्या निमित्तानं तू खाली तरी उतरत होतास. बोलले असते तर तेही बंद केलं असतंस."

काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मफलरमध्ये तोंड खुपसून तो माणूस हमसून हमसून रडला. फोन चालूच होता, आणि तिकडूनही रडण्याचाच आवाज येत होता.

बऱ्याच वेळानं लेकीनं विचारलं, "बरोबर कोणी आहे का?"

"कोणी नाही," सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं. मग म्हणाले, "मिस्त्री आहेत."

मी खाली उतरलो. काकांना म्हटलं, इंजिन चालू करा, आणि मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकलो. चांगला दोनदा वास घेतला. काहीही नव्हतं, नुसता गरम धूर.

"गेला का हो?" काकांनी खिडकीतून विचारलं.

"कुठला जातोय!" मी ओरडलो. "पुढच्या रविवारी परत आणावी लागणार."